सुनंदावर मी घेतलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कुठून सुरू करू?

मी अकोल्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. धाकटा भाऊ दिलीप अंजनगाव सुर्जीला, आईजवळ राहायचा. चाळिशीतच त्याचे पाय अडखळू लागले, बोलणं जड झालं. मी ठरवून टाकलं — पितो. मी पडलो मास्तर, मला कोण चूक म्हणणार?

एका दुपारी गेलो तर तो अंगणात पडलेला, पँट ओली. आई घरी नव्हती. मी फाटक लावून घेतलं आणि पट्टा काढला. तो उठायला बघायचा, पुन्हा कोसळायचा — आणि मी लाथ घालायचो. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याची बायको सुनंदा मध्ये पडली. "भाऊजी, ते पेलेले नाहीत जी! काहून मारून राहिले?" मी तिलाही भिंतीवर आपटलं. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. आणि ते मला पट्टा काढायच्या आधीच कळलं होतं — समजतंय ना तुम्हाला?

नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं — प्रायॉनचा रोग. मेंदूतलं एक प्रथिन बिघडतं, शेजारच्या प्रथिनांनाही बिघडवतं, मेंदूची चाळणी होते. दिलीपला झाला तो प्रकार आपोआप होतो, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही, असं त्यांनी मला एकट्याला बसवून समजावलं. चार महिन्यांत दिलीप गेला.

तेरवीला सगळे जमलेले असताना आईनं सुनंदाला विचारलं, "माह्या पोराची बरगडी कशी मोडली होती वं?" सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मारणारा मी, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बोलणार, एवढ्यात मीच बोललो.

दर रविवारी बकऱ्याचा भेजा कोण रांधायचं, असं मी विचारलं. मग कागदावर माकड काढलं — प्रयोगात दूषित मांस खाऊ घालतात तसलं — आणि समजावलं. दूषित मांस खाल्लं की रोग आतड्यातल्या गाठींत शिरतो, तिथून प्लीहेत, मग नसांमधून पाठीच्या कण्यात आणि शेवटी मेंदूत. वर्षं लागतात. माकडाबद्दल एक शब्द खोटा नव्हता. तो दिलीपचा रोग नव्हता, एवढंच.

आईनं तिला केस धरून ओसरीवरून खाली ओढलं. चुलतभावानं तिच्या पोटात लाथ घातली. तिचा ओठ फाटला, रक्त लुगड्यावर सांडलं. मी एक शब्द टाकला असता तर सगळे थांबले असते. "सांगा नं जी, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. मी कागदाची घडी घातली — सावकाश, नीट.

ती आता लेकीला घेऊन अमरावतीत माहेरी असते. घाबरून गप्प राहिली म्हणावं, तर तसंही नाही — मारणारा मी, हे तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

मागच्या महिन्यात त्या लेकीला पाहून गेलेले लोक चौकशीला माझ्याकडे आले, सख्खा मोठा बाप, म्हणजे थोरला काका म्हणून. बरं घर होतं. मी त्यांना चहा दिला. आणि सांगितलं — माझ्या भावाला हिच्या आईनं मारलं.

त्यांनी सोयरीक मोडली.