वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट

पन्नाशी आली तेव्हा मला एकाएकी थोर होण्याची उबळ आली. शाळेतल्या दोस्तांच्या ग्रुपवर मी लिहिलं, की यंदा शाल नको, नारळ नको, केक तर मुळीच नको. तो पैसा एकत्र करा आणि एखाद्या चांगल्या संस्थेला द्या. संस्था तुम्हीच निवडा. हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं.

राइस मिलवाल्या दोस्ताला गोशाळाच पाहिजे होती. ती त्याच्या साळ्याची निघाली. मास्तर असलेल्या दोस्ताने वृद्धाश्रम सुचवला. त्याची स्वतःची माय सुनेला कंटाळून दिवसभर नागरा गावच्या देवळात बसून असते, हे सगळ्यांना ठाऊक. मी मनातल्या मनात वाचनालय धरून बसलो होतो, कारण तिथे माझा फोटो लागला असता.

केशोरी गावचा आमचा दोस्त धानाची शेती करतो आणि ग्रुपवर एरवी फक्त अंगठा दाखवतो. त्याने एकच शब्द टाकला: फ्रीजर.

मिलवाल्याने लगेच कुल्फीचं चित्र पाठवलं. मास्तरने विचारलं, मंडईच्या जत्रेत आइसक्रीमचं दुकान लावतो का. हसण्यात मीही मागे नव्हतो. रविवारी निर्णय घ्यायला सगळे माझ्या ओसरीत जमले, तेव्हा चहा अर्धा ठेवून केशोरीवाला बोलला.

“मयतीच्या फ्रीजरचं बोलून राहिलो मी. माय मेली तवा बहीण सुरतवरून येऊन राहिली होती. भर उन्हाळा. फ्रीजरची पेटी गोंदियाले, थेही दुसऱ्याच्या घरी लागली होती. लोकाइनं थांबू देलं नाई. बहीण आली, तं राखेच्या पाया पडली.”

मला कुल्फीची फार लाज वाटली. मिलवाल्याने गोशाळेचा विषय पुन्हा काढला नाही.

पेटी घेतली, केशोरीच्या ग्रामपंचायतीत ठेवली. भानगड नंतर झाली. आमच्याकडे कोणी साधं बाकडं दिलं तरी त्यावर नाव रंगवतात. मिलवाल्याने मला न विचारता पेंटरला हुकूम सोडला, आणि झाकणावर लाल अक्षरांत माझं नाव आलं. खाली ‘यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट’. जित्या नवऱ्याचं नाव मढ्याच्या पेटीवर पाहून बायकोने माझ्याशी बोलणंच टाकलं. मी मिलवाल्याला नाही नाही ते बोललो. नाव खरवडून टाक, हे सांगायला केशोरीला फोन लावणार, तोच तिकडून आला.

दोस्ताच्या शेजारचा म्हातारा गेला होता. त्याची लेक पुण्याहून रात्रभर प्रवास करून पोचली होती.

“पोरीनं बापाचं तोंड पायलं,” दोस्त म्हणाला. “मंग झाकण वाचलं, अन् रडता रडता हासली. म्हणे, काका, आज कोणाचा वाढदिवस आहे?”

नाव तसंच राहू दे, मी म्हणालो.