टाकीतलं कबूतर आणि राजीनामा

तेजरामचा आवाज मुळातच मोठा. तरुणपणापासून रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत आलेला. तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. छत्तीसगडमधल्या स्मृति नगरच्या इमारतीतही तो तसाच बोलायचा. बायको कौशल्या म्हणायची, "अहो, हे घर होय, मिल नाही."

नळाच्या पाण्याला वास येत होता. इमारतीच्या समितीचा सचिव केवलराम रोज "दिखवाते हैं" म्हणायचा. शेवटी तेजराम स्वतःच गच्चीवर चढला. टाकीत मेलेलं कबूतर होतं. ते पिशवीत घालून त्याने खाली चाललेल्या बैठकीत नेलं आणि तो सगळ्यांसमोर केवलरामवर ओरडला, "याच्यापेक्षा तुह्यं डोकं सडलं, भैताडा! मर्द असशीन तं लाव मले हात!"

भैताड म्हणजे तेजरामच्या मराठी बोलीत मूर्ख, एवढंच. पण केवलराम छत्तीसगढी माणूस; त्याला त्यात आईबहिणीवरची शिवी ऐकू आली. तो तडक ठाण्यात गेला.

संध्याकाळी हवालदाराचा फोन कौशल्याने घेतला. ठेवला आणि जेवायला बसलेल्या तेजरामकडे वळली.

"उद्या राजीनामा घेऊन या म्हणते. मंग केस नाही करत."

"कबुतरापायी नौकरी सोडू?" तेजरामचं ताट तसंच राहिलं. लेक गुंजनचं कॉलेज अजून व्हायचं होतं. "खरं बोललो न मी! या देशात बोलाची मोकळीक आहे का नाही?"

"आहे न. म्हणून तं बोलले तुमी."

सकाळी तो ठाण्यात छाती काढून उभा राहिला. "राजीनामा नहीं दूँगा. डालो जेल में."

हवालदार बघतच राहिला. "अरे कका, नौकरी कौन माँग रहा है? राजीनामा मतलब समझौता!"

तेजराम खजील झाला. पण राग तसाच होता. "मैं झूठ बोला क्या? पानी सड़ा था."

"पानी के लिए जितना चिल्लाना है चिल्लाओ. पर भरी बैठक में गाली देके बोलोगे कि हाथ लगा, तो वो शिकायत नहीं है, कका. वो झगड़े का न्योता है."

केवलरामने हात उचलावा असं बैठकीत त्या क्षणी तेजरामला वाटलं होतंच. हेच जास्त झोंबलं.

त्याने माफी लिहिली. खाली टाकीतल्या कबुतराचंही लिहिलं. हवालदाराने ती ओळ खोडली. "यहाँ बात गाली की है, पानी की नहीं."

तिथंच बोलावलेल्या केवलरामने सही केली, हसून हात जोडले.

घरी कौशल्या दारातच उभी होती. "झाला राजीनामा?"

"झाला. नौकरी आहे. तो राजीनामा आपसातला होता, समझोत्याचा."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "अन् टाकी? धुतली का कोणं?"

तेजरामने नळ सोडला. वास तसाच होता. तो काहीतरी बोलणार होता, पण खिडकी उघडी होती. त्याने आधी ती लावून घेतली.