एक जूनची मुलं

"हिचा बड्डे कवा असते, सांगा बरं?"

आमच्या कार्यालयाचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून माईकवर बोलत होते. सभागृहात तालुक्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक बसलेले. मी मागच्या भिंतीपाशी उभी, हातात यादीचे कागद. उत्तरही साहेबांनीच दिलं.

"एक जूनले. हिचाच नाही, हिच्या अख्ख्या बस्तीचा एक जूनले. एकाच दिवशी साऱ्या बाया बाळंत. दवाखान्यात खाटा कशा पुरत असतीन?"

सभागृह फुटलं. पुढच्या रांगेतले एक गुरुजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. शेजारच्यानं त्यांना पाण्याची बाटली दिली.

मीही हसले. हे लिहायला जड जातं, पण लिहिलंच पाहिजे. माझ्या आईच्या बाळंतपणावर विनोद झाला आणि मी दात काढले. सगळे हसत असताना एकटीनं गप्प राहायची भीती वाटली. नोकरी कंत्राटी होती.

मी विचारलं एवढंच होतं, "सर, नवीन यादीत अठ्ठावीस मुलं दिसत नाहीत. जवळपास सगळ्यांची जन्मतारीख एक जून आहे. काय करायचं?"

मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात डेटा ऑपरेटर आहे. जिल्हा वाशीम. तालुका कोणता ते लिहीत नाही, कोणताही धरा. शाळांनी जुन्या पोर्टलवर भरलेली मुलांची माहिती गेल्या वर्षापासून दरवर्षी नव्या पोर्टलवर जाते. हातानं काही भरायचं नाही, यंत्र आपोआप ओढून घेतं. माझं काम बटण दाबायचं आणि शेवटी माझ्या मोबाईलवर येणारा ओटीपी टाकायचा. तो टाकला की तालुक्याची यादी बंद. मग साक्षात देव आला तरी वर्षभर त्यात नाव घालता येत नाही.

एक जूनचं म्हणाल तर ती आमच्याकडची जुनी रीत आहे. शाळा जूनमध्ये भरते. एक जूनला सहा वर्षं पूर्ण दाखवली की पोरगं पहिलीत बसतं. बस्तीतलं मूल आलं, आईबाप मजूर दिसले, की गुरुजी तारीख विचारायचेच नाहीत. शाळेत नाव घालायच्या, दाखलखारीजच्या जाड रजिस्टरात एक जून लिहून मोकळे. गावातल्या पाटलाच्या पोराला मात्र तारीख असायची, वार असायचा, कधी कधी वेळही. माझ्या दाखल्यावर एक जून आहे. माझ्या भावाच्याही. आम्हा दोघांत तीन वर्षांचं अंतर, तारीख तीच.

नव्या यंत्रात एक नियम घातला होता. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की ते एकच मूल समजायचं. एक ओळ ठेवायची, दुसरी काढून टाकायची. आता आमच्या बस्त्यांत एकेका वर्गात दोन प्रज्ञा, दोन राहुल, तीन सिद्धार्थ. आडनाव अर्ध्या बस्तीचं एक. बापाचं नाव वेगळ्या रकान्यात, तिकडे यंत्र बघतच नाही. आणि तारीख तर गुरुजींनी सगळ्यांना एकच वाटलेली.

यंत्रानं काही तक्रार केली असंही नाही. चूक सापडली की लाल ओळ येते. इथं लाल ओळ आली नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' आलं आणि टेबलाखाली कम्प्युटरचा पंखा फिरत राहिला. मी हातानं मोजलं म्हणून कळलं. शाळांच्या हजेरीपेक्षा अठ्ठावीस मुलं कमी. कुठं गेली, कुणी काढली, काही नोंद नाही.

आणि मोजताना मला दुसरंच काही आठवलं. गेल्या वर्षीही यंत्रानं असंच यशस्वी म्हटलं होतं. तेव्हा मी मोजलं नव्हतं. साहेबांनी ओटीपी मागितला, मी सांगितला, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या वर्षी किती गेले, मला माहीत नाही. कोण गेले तेही माहीत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी एक बाई ऑफिसात आली. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या एका गावातली. दुसऱ्याच्या वांग्याच्या वाडीत कामाला जाते. पायाला माती तशीच, मागे शाळेच्या ड्रेसमधली पोरगी. शिपायानं त्यांना दारातच थांबवलं होतं. मी आत बोलावलं.

"मॅडम, शाळेवाले म्हंतात पोरीचं नाव कम्प्युटरात नाही. धाव्वीचा फारम भरता येत नाही. माह्यी पोरगी तं रोज शाळेत जाते. मंग नाव गेलं कुठं?"

दहावीच्या बोर्डाचे फॉर्म आता या यादीवरूनच भरले जातात. यादीत नाव नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर परीक्षा नाही. शेवटची तारीख सोमवार. मी पोरीचं नाव टाकलं. प्रज्ञा इंगोले. पडद्यावर एक ओळ आली, पण बापाचं नाव देवानंद. या पोरीच्या बापाचं नाव सुभाष. पोरगी वाकून बघत होती.

"ही माह्या बाकावर बसते," ती म्हणाली. "मंग मी कुठी?"

मी तिच्या आईलाच विचारलं, "तारीख बराबर हाये का हिची? एक जून?"

"एक जून कायची, माय? घरचे सारे नागपूरले दीक्षाभूमीवर गेले होते. मी एकली घरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकायी झाली, थे परत यायच्या आंधी. सोयाबीन सोंगनं चालू होतं. मले तं सारं मालूम हाये."

"मंग शाळेत काहून नाही सांगतलं?"

ती म्हणाली, "इचारलं कोनं?"

संध्याकाळी घरी गेले आणि आईला विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिनं सांगितलं, माघाची पौर्णिमा, मंगळवार, थंडी लय होती, सुईण शेजारच्या गावाहून आणली होती. तिला पाठ होतं. मी इतकी वर्षं गुरुजींसारखीच समजत होते की आईला ठाऊक नसणार. मला स्वतःची किळस आली. आदल्या दिवशीचं हसू आठवलं.

शुक्रवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"दार लावून घे."

टेबलावर प्रमाणपत्र तयार होतं. शंभर टक्के काम पूर्ण, प्रलंबित शून्य. खाली माझं नाव टाईप केलेलं, सहीची जागा मोकळी. मी अठ्ठावीस नावांचा कागद त्याच्या शेजारी ठेवला. म्हटलं, "सर, यादी उघडी आहे तोवर नावं परत घालता येतात. शाळेच्या रजिस्टरचं पान जोडायचं आणि तुमची मंजुरी, बस."

"मंजुरी देल्ली म्हंजे वर चूक दिसते. आपला तालुका पयला हाये आज." आवाज अगदी गोड होता. साहेब ओरडतात तेव्हा मला एवढी भीती वाटत नाही. "ओटीपी येईन आता तुह्या मोबाईलवर. सांग."

मी नावांचा कागद त्यांच्यापुढे आणखी सरकवला.

"मार्चले तुह्या कंत्राटाचा कागद माह्याच टेबलावर येते. तू समजदार पोरगी हायेस." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आनि हे पाह्य. गेल्या साली ओटीपी तूच देल्ता. तवा काही गेले असतीन, तं थे कोनाच्या नावावर निंगतीन? तुह्याच."

म्हणजे यांना माहीत होतं. गेल्या वर्षीही माहीत होतं. पेढा हातात ठेवताना माहीत होतं.

माझा मोबाईल टेबलावर वाजला. सहा आकडे. साहेबांची नजर तिकडे वळायच्या आत मी तो पालथा घातला आणि त्यावर हात ठेवला. साहेबांपुढे मी नेहमी पुस्तकी बोलते. शुद्ध बोललं की आपली बस्ती कुणाला दिसत नाही, असं वाटायचं. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली.

"नाही सांगत."

"तुह्याकून साऱ्या तालुक्याचे पोट्टे अडून राह्यतीन."

"अडू द्या. अठ्ठावीस अडले तवा तं तुमी हासून राह्यले होते."

साहेब उठले. मी बसूनच होते. "गेल्या सालचं मी केलं," मी म्हटलं. "लिवून देतो. सही करून देतो. पन यंदा नाही."

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या खोलीत होतो. मग ओटीपीची मुदत संपली. साहेबांनी पुन्हा मागवला, मी पुन्हा हात काढला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मागवला नाही. म्हणाले, "सोमवारपासून येऊ नको. दुसरा मानूस येईन, त्याचा नंबर टाकू." आणि फोन कानाला लावला.

बाहेर येऊन मी अर्ज लिहिला. अठ्ठावीस नावं, प्रत्येकापुढे बापाचं नाव आणि गाव. शेवटी गेल्या वर्षी न मोजता ओटीपी देणारी मीच, हेही लिहिलं. आवक-जावकच्या बाबूनं अर्ज वाचला आणि परत सरकवला. "साहेबाले इचारून घेतो." मी म्हटलं, "आंधी शिक्का, मंग इचारा." अर्धा तास उभी राहिले. रांग वाढली, लोक कुरकुरू लागले, तेव्हा त्यानं शिक्का मारला.

शनिवारी आणि आज रविवारी, प्रज्ञाच्या आईला गाडीवर मागे घेऊन चार गावं फिरले. दोन मुख्याध्यापकांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढू दिला. एकानं किल्ली हरवली म्हणून सांगितलं. एकानं दारच उघडलं नाही, पडदा हलला तेवढा. पण बस्त्यांत दारं उघडी होती. प्रत्येक आईला मी एकच प्रश्न विचारला, तुमचं लेकरू कधी झालं? एकही आई अडखळली नाही. कुणाला पंचांगाची तिथी ठाऊक, कुणाला दवाखान्याचा वार, कुणाला त्या वर्षीचं धुकं. सगळं लिहून घेतलंय, आणि उद्या ऑफिसात येतो असं सगळ्या म्हणाल्यात.

दुपारपासून साहेबांचे चार फोन आले. नंतर एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला, 'घरी म्हातारी आई आहे, विचार करा.' आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मलेबी ने उद्या."

उद्या सोमवार. फॉर्मची मुदत संध्याकाळी संपते. साहेबांचा माणूस सकाळीच येईल, माझ्या खुर्चीत बसेल, त्याच्या मोबाईलवर सहा आकडे येतील. त्याचं माझं काही वैर नाही. पण त्या खुर्चीभोवती अठ्ठावीस आया उभ्या राहणार आहेत, आणि सगळ्यांत पुढे मी. तो आकडे टाकायला बोट उचलेल तेव्हा आधी त्याला माझ्याकडे बघावं लागेल. प्रज्ञा सुभाष इंगोले हे नाव पडद्यावर दिसेपर्यंत, आणि तिच्यामागची सत्तावीस दिसेपर्यंत, मी त्याला बोट टेकवू देणार नाही.