झुंबरबाईचा खण

वरवट बकाल गावात झुंबरबाईनं शिवलेली चोळी अंगाला लागली नाही अशी बाई दाखवा! जीभ मात्र कात्रीहून धारदार. माप द्यायला आलेल्या नव्या नवरीलाही सोडायची नाही. "लाजून काऊन राह्यली वं? सगळ्या गावाच्या छात्या मापल्या म्या!"

अशा बाईनं स्वतःच्या छातीतली गाठ वर्षभर लपवली, आता बोला! दुखत नव्हती, म्हणून दुधाची असेल म्हणाली. दुसऱ्या बाजूलाही हाताला लागली तेव्हा कुठे नवऱ्याला, मोतीरामला, सांगितलं. महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील. जवळपास इलाज नव्हता, दोघं नागपूरला गेले.

डॉक्टर म्हणाले, कॅन्सर दोन्हीकडे आहे. डावा स्तन काढावाच लागेल. उजवीकडची गाठ लहान आहे. तेवढीच काढून किरणांचा शेक देता येईल, पण मग सारखं तपासायला यावं लागेल. नाहीतर दोन्ही एकदमच काढायचे.

"दोन्ही काढल्यावर मशीन फिरवता येईन का?" तिनं विचारलं. पोट त्या हातमशीनवरच होतं, अन् जीवही.

"लगेच नाही. हाताचे व्यायाम केले तर हळूहळू येईल."

बाहेर बाकावर मोतीराम म्हणाला, "एक तं राहू दे वं."

"कोनासाठी? तुमच्यासाठी?" ती कडाडली.

एवढा बाप्या माणूस रडायलाच लागला. "मले फक्त तू पाह्यजे. तुले बरं वाटन म्हणून म्हटलं."

झुंबरबाईचा राग तिथंच विरला. ती त्याला खेटून बसली. "रोज उठून चाचपत बसू का? तो घोर नाही सोसत मले. दोन्ही काढा म्हना."

दोन्ही काढून घरी आल्यावर ती रोज भिंतीवर बोटं चढवायची. हात खांद्यापर्यंत जायचा अन् अडायचा. मशीनवर फडकं टाकलेलंच राहिलं. तरी रडली नाही.

रडली ती जनकाबाईच्या घरी. जनकाबाई शेजारीण, जिवाभावाची. तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत तांदूळ, नारळ अन् चोळीचा खण पडत होता. झुंबरबाईला कुंकू लागलं, तांदूळ पडले, नारळ पडला. खण नाही. दुखऱ्या जागी कशाला बोट ठेवा, असं त्या भोळ्या बाईला वाटलं होतं.

"खण कुठं हाये माहा?" झुंबरबाईचा आवाज फाटला. "मेली का मी?"

"माय वं! तुले वाईट वाटन म्हणून..."

"मंग आता काय पोतं गुंडाळू? पाठ हाये, खांदे हायेत, नवरा हाये!" अन् डोळे घळाघळा वाहायला लागले.

जनकाबाई आत धावली. विहिणीसाठी ठेवलेला हिरवा खण आणून तिनं झुंबरबाईच्या ओटीत घातला अन् तिला मिठीच मारली.

"पुरे झालं," झुंबरबाई नाक पुसत म्हणाली. "आत चाल. माहा हात पुरत नाही, माप तू घे अन् शिवजो बी तूच."

आतल्या खोलीत तिनं पदर बाजूला केला. जनकाबाईचा हात मधेच थांबला. झुंबरबाईनं तो धरून आपल्या सपाट छातीवर ठेवला.

"दुखत नाही आता. घे."

जनकाबाईनं डोळे पुसत वितीनं माप घेतलं. "घट्ट ठेवू का सैल?"

"काखेत सैल ठेवजो," झुंबरबाई म्हणाली. "मशीन फिरवाची हाये मले."