टेकडीवरचं फूल आणि सोळावी भाजी

रामटेकच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर आम्ही जमिनीचा एक तुकडा घेतला, तेव्हापासून आमचे हे स्वतःला शेतकरी समजायला लागले. धरमपेठेतल्या घरी ज्यांनी कधी तुळशीला पाणी घातलं नाही, ते आता मातीचा वास घेऊन पाहतात.

भाद्रपदात तिथल्या कुंपणावर एक वेल फुललेली दिसली. पाकळ्या वर उसळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल, चुलीतल्या जाळासारख्या. इतकं देखणं फूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. नाव मात्र दोघांनाही ठाऊक नाही. मी फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कुणी लिली म्हणालं, कुणी ऑर्किड, एका नणंदेनं नुसताच नमस्कार पाठवला. ह्यांना तेवढाही धीर नाही. अंगणातल्या कुंडीत लावायची म्हणून त्यांनी वेल मुळापासून खणली. खाली बोटांएवढे जाड कंद निघाले. फुलं मी महालक्ष्म्यांसाठी घेतली. कंदांची पिशवी सणाच्या गडबडीत स्वयंपाकघरात, भाज्यांशेजारीच राहून गेली.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी लागते आणि ती मोठ्या जाऊबाईंच्याच हातची. त्यांचं सोवळं कडक. देवीला दाखवण्याआधी जिभेला काही लावायचं नाही, मग मीठ कमी पडो की जास्त. भाजी दरवर्षी अळणी होते आणि मी दरवर्षी कुरकुरते.

त्या दिवशी पानं मांडून झाली होती. नैवेद्य दाखवायचा आणि वाढायचं, इतकंच उरलं होतं. तेवढ्यात पुतणीचा फोन आला. ही जाऊबाईंचीच मुलगी, बाहेरगावी आयुर्वेद शिकते.

"काकू, फोटो मी आत्ता पाहिला. कळलावी आहे ती. तिच्या कंदाले हात नको लावू. जहर राहते त्याच्यात, माणूस मरते."

मी फोन तसाच धरून आत गेले. पिशवी ओट्यावर रिकामी पडली होती. जाऊबाई भाजीत डाव घालत होत्या. ह्यातले कंद कुठे गेले, मी विचारलं.

"भाजीत घातले ना. पंधराच होऊन राहिल्या होत्या. मले वाटलं, सोळावी तूच आणली."

बाहेर सासूबाई, दीर, दोन शेजारणी पाटांवर बसलेल्या. आणि समोर ही बाई, जिच्या हातचं मी वीस-बावीस वर्षं नावं ठेवत खाल्लं होतं. मला एवढंच विचारता आलं, की तुम्ही चाखली का.

त्यांना राग आला. "देवीले दाखवायच्या आधी चाखीन का वं मी?"

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडायला लागले. फोन त्यांच्या हातात दिला. मुलीचं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, पण दुसऱ्या हातातला डाव काही सुटेना. शेवटी मीच तो काढून घेतला.

ह्यांनी परसात खड्डा खणला आणि भाजी भांड्यासकट पुरली. घरात होत्या नव्हत्या त्या भाज्या चिरून जाऊबाईंनी पुन्हा फोडणी घातली. किती झाल्या, ते कुणी मोजलं नाही.

भाजी नेहमीसारखीच अळणी झाली होती. मी दोनदा मागून घेतली.