पुढारीण

माझ्या बायकोनं मला शेवटचं विचारलं ते भाजीचं. सकाळची वेळ होती, आम्ही पांदणीनं चाललो होतो. ती पुढे, मी मागे. चिंचेपाशी आल्यावर मागे वळून न पाहता ती नेहमीसारखी म्हणाली, "काय जी, आज भाजी कोन्ती करू?"

मी म्हणालो, "पातोडीची कर, झणझणीत, वरून तर्री पाह्यजे."

"पातोडीले तेल लय लागते. वांगे करते."

एवढं बोलून तिनं पाय उचलला. मीही उचलला. बोलणं झालं ते एवढंच. त्याच दिवशी दुपारी ती गेली.

आमच्या तिवस्यात तिला पुढारीण म्हणत. तिनं कधी भाषण केलं नाही, कोणाला मत मागितलं नाही. सही मागितली तर अंगठा पुढे करायची. पण गावात कोणाची बायको नवऱ्याच्या पुढे चालत नव्हती आणि ही चालायची. निवडणुकीचे दिवस होते, सगळ्यांच्या तोंडात पुढारी हाच शब्द होता, म्हणून हिला पुढारीण केलं. नाव ठेवणारे माझ्याच हॉटेलात बसून माझाच चहा पिणारे लोक होते. मला राग यायचा. तिला येत नसे. "पुढं चालते त्याले पुढारीच म्हणतीन ना," म्हणायची. "मांगारी कसे म्हणतीन?"

ती पुढे का चालायला लागली ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, सजवून सांगणं मला जमत नाही.

माझं हॉटेल अमरावती-नागपूर सडकेवर होतं. मोटारी थांबायच्या. भजे, आलुबोंडे, सकाळी जिलेबी. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर अन् दोन बाकडे, पण माल चांगला होता. चांगला कसा, तर प्रत्येक घाण्यातला पहिला मी खायचो. मालकानं चाखू नये तर कोणी चाखावं? शिवाय त्या काळी पोट सुटणं म्हणजे बरकत. सोयरे आले की माझ्या पोटाकडे पाहून म्हणत, "बरं चालून राहिलं वाटते, भाऊ." एक मोटारीचा डायवर तर नव्या क्लीनरला सांगायचा, "तिवस्यात पाटी पाहू नको, मालक पाहाय. जो दारात मावत नाही त्याचंच हॉटेल."

मी हसायचो. ती हसत नसे. मी झोपलो की श्वास कसा अडकतो ते तिला ऐकू यायचं, मला नाही.

एक दिवस कढई उतरवताना मी खाली बसलो तो उठेना. घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी. तिनं दुसऱ्याच दिवशी मोटारीत घालून मला अमरावतीला नेलं. डॉक्टर पुण्याकडचा, नवा, स्वभावानं गरीब. त्यानं नळी लावून पाहिलं, पाय दाबून पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी उठून बाहेर मोकळ्यावर जात जा."

मी म्हणालो, "जातोच जी. न जाऊन कसं चालन?"

"असं? किती लांब जाता?"

"नाल्यापावतर. घाई असली तं अलीकडेच."

डॉक्टरनं चष्मा काढला. ही दाराशी बसली होती, पदर तोंडात कोंबून हसत होती. मग त्याच्या ध्यानात आलं. "अहो, बसायला नव्हे," तो म्हणाला, "चालायला. नुसतं चालायला." आणि हसणं संपल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे पोट उतरलं नाही आणि तळण सुटलं नाही, तर पुढचा पोळा पाहाल याची हमी मी देणार नाही." ते त्यानं मला सांगितलं, पण ऐकलं तिनं.

परतीच्या मोटारीत नांदगाव पेठ गेल्यावर ती म्हणाली, "मले तुमच्या आंधी जाचं हाय. कपायाचं कुकू घेऊन जाचं हाय. तवा तुमाले जगाच लागन."

मी म्हणालो, "हे तं निरं तुह्याच सोयीचं झालं."

"मंग? तुमच्या सोयीनं तं पोट वाढलं."

तेव्हापासून माझं जगणं हे तिचं काम झालं.

पण चालायचं कसं? आमच्याकडे माणूस वावरात जाते, बाजाराला जाते, मयतीला जाते. नुसतं जाऊन नुसतं परत येणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी ओसरीओसरीवरून विचारणं झालं, "कुठं निंघाले, सेठ?" मी म्हणालो, "कुठंच नाही." दुपारपर्यंत हॉटेलात बातमी आली की सेठचं डोकं फिरलं, अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं म्हणे.

ही आतून टमरेल घेऊन आली. "हे धरा," म्हणाली. "टमरेलवाल्याले कोनी थांबवत नाही, कोनी इचारत नाही."

खरंच होतं ते. हातात टमरेल असलं की ओळखीचा माणूस दुसरीकडे पाहते. मी दुसऱ्या दिवसापासून रिकामं टमरेल घेऊन फिरायला लागलो. तिनं शेण वेचायची टोपली घेतली, कारण बाईमाणसाला तर नवऱ्यासोबत बिनकामाचं चालायची सोयच नव्हती. गावासाठी मी एका कामाला निघालेला अन् ती दुसऱ्या. वाट तेवढी एकच.

सुरुवातीला ती रिवाजाप्रमाणे मागे होती. मी चिंचेपर्यंत जायचो, आजूबाजूला कोणी नाही पाहून सावलीला बसायचो. ती मागून म्हणायची, "उठा जी." मी म्हणायचो, "उठतो." उठत नव्हतो. दोन-चार दिवस तिनं पाहिलं. मग एका सकाळी मी बसलो तशी ती म्हणाली, "मांगून हाकाले तुमी काय हेला-रेडा हा?" आणि टोपली कमरेला लावून पुढे चालायला लागली. थांबली नाही. पांदणीच्या दोन्हीकडे जवारी डोक्याच्या वर, माणूस नाही, काणूस नाही, अन् माझी बायको एकटी चाललेली. मला शिव्या घालत उठावंच लागलं.

परत येतानाही ती पुढेच राहिली, गावातूनही. हॉटेलापाशी एक जण म्हणाला, "काय सेठ, आज इंजन पुढं लागलं?"

मी काही बोलायच्या आत तीच बोलली, "डब्बा जड असला का इंजन पुढंच लागते, भाऊ."

त्या दिवशी ती पुढारीण झाली.

खाण्याचंही तिनं असंच केलं. मला कधी खाऊ नका म्हणाली नाही. घाणा निघाला की ती आतून यायची आणि पहिला भजा उचलून बाकावरच्या गिऱ्हाइकाला द्यायची. "सांगा भाऊ, मीठ बरोबर हाय का?" गिऱ्हाईक खूश. मी पाहत राहायचो. फुकटचा पहिला भजा मिळते म्हणून मोटारवाले आमच्याकडेच थांबायला लागले. माझ्या तोंडचा घास गेला, पण हॉटेल चाललं. घरी जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण. तेल म्हणजे कढईला दाखवल्यासारखं. मी म्हणायचो, "हे काय जेवण हाय?" ती म्हणायची, "जेवणच हाय. मयतीनंतरचं नाही, येवढं पाहा."

आमची लेक अकोल्याला दिली होती. तिच्या दिराच्या लग्नात पंगतीला इवाई, म्हणजे लेकीचा सासरा, हात धरून बसला. बुंदीचे लाडू, वाढणारा पुढे, आणि आमच्याकडचा आग्रह म्हणजे नाही म्हणणं हा अपमान. मी आडवा हात धरला होता, पण मनातून हात ढिला होता. बायांच्या पंगतीतून हिचा आवाज आला, "वाढा इवाईबुवा, खुशाल वाढा. मंग त्याइले इथंच ठिवा. मी एकटी जाते गाडीनं." सगळा मांडव हसला. इवाईनं लाडू परत परातीत टाकला. मला लाज वाटली अन् भूकही राहिली. रस्त्यात मी रुसून होतो. अकोला स्टेशनावर वजनाचं यंत्र होतं, लाल दिवे फिरायचे, पैसा टाकला की तिकीट पडायचं. लेकीकडे गेलो की हिनं मला त्यावर उभं करायचंच. त्या दिवशी तिकिटावर मागच्या वेळेपेक्षा चांगलंच कमी निघालं. मागे भविष्य छापलेलं असे. "काय लिवलं?" तिनं विचारलं. मी वाचलं, "तुम्हाला घरातून सुख मिळेल."

"मशीनले बी समजते," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तू चढ ना येक डाव." ती मागे सरकली. "मले काय इकाचं हाय काय?" किती वेळा म्हटलं, ती त्या यंत्रावर कधी चढली नाही.

आता ती भाजीची गोष्ट. रोज चिंचेपाशी ती विचारायची, भाजी कोणती करू, अन् रोज मी सांगितलेली करायची नाही. मी म्हणायचो पातोडी, ती वांगे करायची. मी म्हणायचो कढीगोळे, ती वांगे करायची. मला वाटायचं, निदान विचारते तरी. मग रुखमा सून म्हणून घरात आली. एका सकाळी मी अंगणात खाटेवर होतो, आत रुखमा विचारत होती, "मामाजी तं पातोडी म्हणले म्हणता. मंग वांगे काहून चिरून राहिल्या?"

"त्याइले भाजी कोन इचारते, पोरी?" ही म्हणाली. "मी त्याइचा दम पाहते. बोलनं येका दमात आलं तं पाय उचलते. तुटत तुटत आलं तं हयूहयू चालते."

इतकी वर्षं मला वाटायचं, ही मागे वळून पाहत नाही, हिला काय, मी पडलो काय अन् राहिलो काय. हिचे डोळे पुढे होते, पण कान सगळा वेळ मागे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी ठरवून बोललो, "भरल्या वांग्याची कर त्याच्यात खोबरं टाक शेंगदाण्याचा कूट टाक वरून हिरवा सांभार चिर अन् संग जवारीची कडक भाकर." मधे श्वास घेतला नाही.

ती वळली नाही. पण पाठीवरून दिसत होतं, हसत होती. "आयकलं वाटते," म्हणाली. आणि असा पाय उचलला की मला पळावं लागलं.

पोट उतरलं. माझ्या जुन्या सदऱ्यात नातवाची झबली निघाली. पोळे आले, गेले, मी पाहत राहिलो. तो डॉक्टर बदली होऊन गेला, मी तिवस्यातच. ज्यांनी तिला नाव ठेवलं होतं ते एकेक करून दम लागायला लागल्यावर आमच्या पांदणीला यायला लागले. आज गावात अशी बरीच टमरेलं सकाळी निघतात ज्यांत पाणी नसते. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

ती गेली तेव्हा तिनं वांगे चिरून पाण्यात टाकले होते. बाहेर आली, म्हणाली, "छातीत कसंतरी होऊन राहिलं," अन् खांबाला टेकून बसली. रुखमानं पाणी आणलं. पाणी तिनं घेतलं नाही. मी हॉटेलातून धावत आलो. हो, धावत आलो. या वयात सडकेपासून घरापर्यंत धावत येऊन मला दम लागला नाही, हे तिचंच काम. ते पाहायला ती नव्हती.

आयाबाया म्हणाल्या, भाग्याची होती, भरल्या कपाळानं गेली. भाग्य-बिग्य काही नाही. ते तिनं रोज पहाटे उठून, टोपली घेऊन, मला चालवून कमावलं होतं. जे पाहिजे होतं ते घेऊन गेली. त्याच्यातून मला हे वरचे दिवस मिळाले. हिशोब लावला तर फायद्यात मी राहिलो. आज तसं वाटत नाही, पण खरं ते खरं.

यंत्रावर ती चढली नव्हती. तिला उचलली तेव्हा मला खांद्यावर कळलं. काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला जाग आली. घरभर पाहुणे झोपले होते. खुंटीला टमरेल होतं, खाली तिची टोपली. दोन्ही तिथंच राहू दिलं. रुखमा उठून बसली होती. "मामाजी, आज कुठं निंघाले?"

मी म्हणालो, "फिराले."

हॉटेलापाशी दोघं-तिघं उभे होते. मोकळ्या हातानं जाताना त्यांनी मला पाहिलं. कोणी काही विचारलं नाही, फक्त वाटेतून बाजूला झाले. पांदणीला लागलो. पुढची जागा सोडून, रोज जेवढ्या अंतरानं चालायचो तेवढ्याच अंतरानं चालत राहिलो. चिंच आली. बसलो नाही. पाय न थांबवता एका दमात बोललो, "वांगेच कर."

अन् पाय उचलला.