रोवण्यातली रिकामी जागा

ग्रीक पुराणातल्या कथा आमच्या झाडीपट्टीच्या मातीत आणून मी एक पुस्तक केले. त्याच्या प्रस्तावनेत मी लिहिले आहे की, यातली एक कथा ऐकून गावातल्या एका आईला धीर मिळाला. सत्कारांच्या भाषणांत हे वाक्य लोकांनी घोळवून घोळवून सांगितले आणि मी मान खाली घालून ऐकून घेतले. ते वाक्य खोटे आहे.

मूळ कथेत पाताळाचा राजा धान्यदेवतेच्या मुलीला उचलून नेतो. आई शेते पडीक टाकून तिला शोधते. पण मुलीने तिथल्या डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, त्यामुळे ती पुरती सुटत नाही. काही महिने तिकडे, उरलेले आईजवळ. ती वर आली की शेते हिरवी होतात.

चामोर्शीकडच्या आमच्या गावात डाळिंब कोणी लावत नाही. पण धान निघाले की माणसे टेम्पोत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि मजुरीची मिरची पोत्यात भरून उन्हाळ्यात परततात. म्हणून मी रथाचा टेम्पो केला, राजाचा मिरचीवाला मालक केला आणि डाळिंबाच्या जागी मिरची घातली. मुलगी रोवण्याला, म्हणजे चिखलात धानाची रोपे लावायच्या दिवसांत, घरी येते असा शेवट केला.

हे मला सुचले कुठून, ते मात्र लिहिले नाही. मी ही कथा लिहिली त्याच वर्षी शेजारच्या विधवा बाईची एकुलती मुलगी मिरचीला गेली होती. टोळीतल्या बाया परतल्या, ती आली नाही. शेवटी शेवटी ती दुसऱ्या टोळीबरोबर पुढच्या गावाला गेली, एवढेच बायांना ठाऊक होते. मी त्या घरावरून रोज जात होतो आणि घरी येऊन लिहीत होतो.

लिहून झाल्यावर समाजमंदिरात कथा वाचून दाखवली. मुलीची आई अगदी पुढे बसली होती. मधेच एका म्हातारीने मला अडवले, “एवढी मोठी देवी, अन् ठाण्यात रिपोट नाई देल्ला तिनं?”

लोक हसले. मला चेव आला. म्हणालो, “देवीला ठाणं कशाला लागतं बाई? तिची पोर रोवण्याला आपल्या पायांनी येते!”

सगळे उठून गेल्यावर आई माझ्याजवळ आली.

“गुरुजी, पोरीनं तिथली मिरची खाल्ली असन तरी येते ना जी?”

“येते,” मी म्हणालो.

“खाल्लीच असन. उपाशी कशी राहीन थे?”

मी कथेबद्दल बोलत होतो. ती कथेबद्दल बोलत नव्हती. हे मला त्याच क्षणी कळले होते, नंतर नाही.

चार-सहा दिवसांनी तिचा दीर माझ्या ओसरीवर आला. त्याने गाडीची सोय केली होती, मुलीचा फोटो खिशात होता. “वयनी येतच नाई म्हणते. तुमच्या गोष्टीत रोवण्याले येते म्हणून लिहून हाय म्हणते. आईबिगर ठाण्यात कोण आयकन माहं? तुमी सांगा तिले गुरुजी, तुमचं आयकन थे.”

दहा पावलांवर तिचे घर होते. जाऊन ‘बाई, ते मी रचलेलं आहे’ एवढेच म्हणायचे होते. पण माझ्या लिहिण्यावर इतका विश्वास आजवर कोणी ठेवला नव्हता, आणि तो मला माझ्या हाताने मोडवला नाही. “रोवणा होऊ दे, मग पाहू,” असे सांगून मी त्याला परत पाठवले.

रोवणा झाला. मुलगी आली नाही, तेव्हा दीर-भावजय शोधायला गेले. तोवर मिरचीचे शेत नांगरले गेले होते, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन बंद होता, आणि ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, की इतके दिवस काय करत होता? मुलगी सापडली नाही. आजही नाही.

त्यानंतर तिच्या आईने दर रोवण्यात आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडायला सुरुवात केली. तिथे रोपांची एक पेंडी ठेवते. बाकीच्या बाया रांगेत तेवढे अंतर सोडून लावतात. शेवटी ती जागा तीच लावून टाकते.

यंदा पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावनेतले ते वाक्य मी काढायला सांगितले. पण आधी तिला सांगणे भाग होते. भर रोवण्यात बांधावर गेलो, चपला काढून चिखलात उतरलो आणि सगळे सांगितले. कथा दूरच्या देशाची आहे, रोवणा मी घातला, तिच्या मुलीचे मला काहीच ठाऊक नव्हते, दिराला मीच थांबवले.

तिने कंबर सरळ केली. माझ्याकडे पाहिले ते दयेने.

“तुमी आता थकले गुरुजी. तुमच्या ध्यानात नाई राहत. मी सांगतो.” आणि तिने ती कथा मला पहिल्यापासून सांगितली. टेम्पो, मालक, मिरची, रोवणा. एक शब्द चुकला नाही.

मी उभाच होतो. मग तिने हाताने मला बांधाकडे खुणावले.

“थोडं सरका जी. तुमी तिच्या जागेवर उभे आहा.”